पिकअपवर बसणारी यारी : शेतातली जुनी इंजिनं उचलून आणायला घरी काय बनवावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघं विहिरीवरची जुनी ऑइल इंजिनं आणून दुरुस्त करतो आणि चालू करून ठेवतो. आमच्याकडं नदीकाठानं शेताशेतात दगडी इंजिनघरं आहेत. वीज आली, मोटारी बसल्या, इंजिनं मात्र जागच्या जागी राहिली. बहुतेक लिस्टर धाटणीची: एक उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंना मोठी चाकं, मिनिटाला साडेसहाशे फेरे. मूळ लिस्टर इंग्लंडातल्या डर्स्ली गावचं, १९२९ सालापासूनचं. आपल्याकडं आहेत ती बरीचशी राजकोटची. मागच्या महिन्यात आणलेलं सहा हॉर्सपॉवरचं इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर ३४२ किलो भरलं, तेही पाण्याची आणि डिझेलची टाकी सोडून.

आत्तापर्यंत तिकाटण्यावर भागवत होतो. दोन इंची पाइपचे तीन पाय, वर साखळी, तिला चेन कप्पी. गेल्या पावसाळ्यात इंजिन फूटभर उचललेलं असताना तिकाटण्याचा एक पाय चिखलात सरकला. इंजिन चाकावर आदळलं आणि चाकाचा एक आरा तडकला. बिडाचं चाक. ते वेल्डिंग करून साडेसहाशे फेऱ्यांवर फिरवायची माझी तयारी नाही, त्यामुळे ते इंजिन आज दुसऱ्या चाकाची वाट बघत पडून आहे. मावसभावाचा पाय तिथून हातभर लांब होता. त्या दिवसापासून तिकाटणं बंद केलं.

आता घरच्या पिकअपवर यारी, म्हणजे वजन उचलायची छोटी क्रेन, बसवायचं मनात आहे. गाडी इंजिनघराच्या दारापर्यंत मागं घ्यायची, इंजिन उचलायचं, हौद्यात ठेवायचं. माझा बेत असा: हौद्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात चार इंची जीआय पाइपचा खांब, त्यावर फिरणारा दीड मीटरचा हात, टोकाला एक टनी चेन कप्पी. खांब खाली हौद्याच्या पत्र्याला वेल्डिंग करून घट्ट. जास्तीत जास्त वजन ५०० किलो धरलं आहे. वेल्डिंग मी स्वतः करतो, मशीन घरी आहे.

यात काय चुकतंय ते मोकळेपणानं सांगा. लोखंड अजून आणलेलं नाही.

भोसरीचा_वेल्डर

पहिली गोष्ट, जीआय पाइप नको. जस्ताचा मुलामा वेल्डिंगला जळतो, धूर छातीत बसतो, ताप येतो आणि वेल्डिंगच्या टाक्यात भोकं राहतात. काळा पाइप घ्या.

दुसरी गोष्ट, हौद्याचा पत्रा म्हणजे आधार नव्हे. तो सामान ठेवायला असतो. खांब त्याला जोडला तर खांब उभा राहील आणि पत्रा फाटून वर येईल.

स्ट्रक्चरवाले_काका

कृष्णाकाठ, लोखंड आणायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. आता आकडे बघ.

५०० किलो दीड मीटरवर टांगले की खांबाच्या बुडाशी ७५० किलो-मीटरचा मोमेंट (वाकवणारा जोर) येतो, म्हणजे साधारण ७.४ किलोन्यूटन-मीटर. चार इंची मध्यम जाडीच्या पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मिलिमीटर, जाडी साडेचार. त्याचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला विरोध करायची आकाराची ताकद, येतो सुमारे ४१ घन सेंटिमीटर. भागाकार केला की १८० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण निघतो. हा वजन अगदी शांत लटकलेलं असतानाचा. चेन ओढताना बसणारा झटका म्हणून पंचवीस टक्के वर धर, २२५ होतात. चांगल्या स्ट्रक्चरल लोखंडाला कायमचा बाक येतो तो २५० ला. पाण्याच्या पाइपला तेवढ्या ताकदीचीही हमी नसते. म्हणजे पहिल्याच उचलीला तू काठावर उभा आहेस.

आता म्हणशील, जाड पाइप घेतो. सी-क्लासचा घेतलास तरी झटक्यासकट १९० च्या वर जातं. खांबाला मागून दोराचा ताण दिला तर हा सगळा प्रश्न सुटतो, पण फिरत्या खांबाला ताण बांधणार कुठं? आणि कोपऱ्यातला हात बाजूला फिरवलास की सगळं वजन गाडीच्या एका कुशीवर जातं. शेतातल्या उताराच्या जमिनीवर तर नकोच.

माझ्या मते फिरणारा हात विसरावा. गाडीच्या मध्यरेषेवर, लांबीच्या दिशेनं एक गर्डर घ्यावा. हौद्यात दोन कमानी उभ्या करायच्या, एक केबिनमागं आणि एक अगदी मागच्या टोकाला. गर्डर दोन्हींवर टेकून मागं सव्वा मीटरपर्यंत बाहेर. त्यावर चार चाकांची ट्रॉली, ट्रॉलीला चेन कप्पी. मागं उचलायचं, ट्रॉली ढकलत इंजिन हौद्यात आणायचं, खाली ठेवायचं. वजन कधीच मध्यरेषा सोडत नाही.

विहीरवाले

काकांचं म्हणणं आम्हाला अगदी पटतं. आमच्या घरात दोन पिढ्या विहिरी खोदायचं काम आहे. खऱ्या यारीचा हात फिरतो हे खरं, पण खांबाला चारी बाजूंनी वायर-रोपचे ताण असतात आणि ते जमिनीत खोल गाडलेल्या खुंट्यांना बांधलेले असतात. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक ताण हातानं हलवून बघणं. यारी पडली असं ऐकलं की आमचे वडील पहिला प्रश्न विचारायचे, "मागचा ताण कुठं बांधला होता?" हात मोडून पडलेली यारी मी पाहिलेली नाही. खुंटी उपटून पडलेली दोनदा पाहिली. त्यातल्या एका वेळी खाली विहिरीत माणसं होती.

तुमच्या पिकअपला तसे ताण देता येणार नाहीत. म्हणून दोन कमानींचीच करा.

कृष्णाकाठ

काका, विहीरवाले दादा, मनापासून आभार. फिरता हात रद्द.

मापं घेतली. हौद्यात दोन कमानींमध्ये २.२ मीटर अंतर मिळतं. मागं गर्डर १.२ मीटर बाहेर लागेल, कारण दगडी कट्टा मध्ये येतो आणि गाडी अगदी चिकटवता येत नाही. गर्डर कुठला घेऊ? आमच्या गावातला दुकानदार १०० चा चॅनल घे म्हणतो.

स्ट्रक्चरवाले_काका

चॅनलवर ट्रॉली नीट चालत नाही आणि एकट्या चॅनलला पीळ बसतो. आयएसएमबी १२५ घे, म्हणजे इंग्रजी आय अक्षरासारखा, १२५ मिलिमीटर उंचीचा गर्डर, मीटरला साधारण १३ किलो. साडेतीन मीटर म्हणजे ४५-४६ किलो, दोघांना उतरवता येईल. ५०० किलो १.२ मीटरवर, झटक्यासकट मोमेंट पुन्हा ७.४ च्या जवळ येतो, पण या गर्डरचा सेक्शन मॉड्युलस ७१ च्या पुढं आहे. ताण शंभरच्या आसपास राहतो. निवांत. ट्रॉली घेताना ती कमीत कमी किती रुंदीच्या फ्लँजवर (गर्डरच्या आडव्या पट्टीवर) बसते ते दुकानातच विचार, कारण काही ट्रॉल्या लहान गर्डरवर बसतच नाहीत. आणि गर्डरच्या दोन्ही टोकांना ट्रॉली अडेल असा स्टॉपर बोल्टनं लाव, वेल्डिंगनं नको, म्हणजे ट्रॉली काढता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, हे नीट वाच. मागच्या टोकाला ५०० किलो टांगले की मागच्या कमानीवर ५०० येत नाहीत, ७७३ येतात. आणि पुढची कमान दाबली जात नाही, ती उपटली जाते. ५०० गुणिले १.२ भागिले २.२, म्हणजे २७३ किलोची ओढ वरच्या दिशेनं, झटक्यासकट ३४०. ज्यांनी ज्यांनी असलं काही घरी बनवलं त्यातल्या बहुतेकांनी मागचे पाय भक्कम केले आणि पुढचे चार बोल्टांवर पत्र्यात सोडले. मग पहिल्या उचलीला पुढची कमान पत्र्यासकट वर येते आणि गर्डरचं मागचं टोक माणसाच्या डोक्यावर.

पुढच्या कमानीचे पाय हौद्याच्या पत्र्यातून खाली जाऊन चेसिसला पकडले पाहिजेत. चेसिसच्या दांड्याला खालून जाड पट्टी आणि दोन्ही बाजूंनी लांब बोल्ट, शिकंज्यासारखं.

भोसरीचा_वेल्डर

काकांच्या म्हणण्याला माझी पुस्ती. चेसिसला वेल्डिंग करू नका आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या फ्लँजला भोकही पाडू नका. तडा तिथूनच सुरू होतो. शिकंजा पद्धतच बरोबर. बोल्ट ८.८ चे घ्या, डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो. कोरा बोल्ट कितीही जाड दिसला तरी घेऊ नका. शिकंजा आवळताना ब्रेकचा पाइप आणि वायरिंग मध्ये येत नाही ना ते गाडीखाली झोपून डोळ्यांनी बघा.

कमानीसाठी ७५ बाय ७५ चा पाच मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप भरपूर होतो. कोपऱ्यात गसेट, म्हणजे जोर देणारे पत्र्याचे तुकडे, हवेतच, त्रिकोणी, आठ मिलिमीटरचे. गसेटचं टोक अणकुचीदार सोडू नका, पंधरा-वीस मिलिमीटर छाटून बोथट करा. टोकाशीच टाका सुरू होतो आणि टोकाशीच उकलतो.

वेल्डिंगचा रॉड लो हायड्रोजन जातीचा, ७०१८ नंबरचा. पाकीट फोडून महिनाभर शेडमध्ये पडलेला असेल तर भट्टीत तापवून घ्या. ओला रॉड वापरला तर टाका वरून सुंदर दिसतो आणि आत पोकळ असतो. माझ्या शिकाऊपणात मी असा एक स्टँड केला होता. टाका इतका गुळगुळीत होता की उस्तादांना दाखवायला नेला. त्यांनी काही न बोलता वाइसमध्ये धरून हातोडा मारला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं. ते दोन तुकडे अजून माझ्या कपाटात आहेत.

रानातला

प्रश्न विचारतो, चुकत असलं तर सांगा. चेन कप्पीऐवजी बारा व्होल्टची इलेक्ट्रिक विंच (ड्रमवर दोरी गुंडाळून ओढणारी) का नको? बॅटरीवर चालेल, हात दुखणार नाहीत.

ह्यूस्टनकर

रानातला, इकडं टेक्ससमध्ये माझ्या गाडीच्या पुढं तशी विंच आहे, म्हणून सांगतो. ती गाडी ओढायला असते, वजन टांगायला नाही. तिच्यावर लिहिलेली क्षमता आडव्या ओढीची असते, आणि तीही ड्रमवर दोरीचा पहिला थर असतानाची. वजन हवेत धरून ठेवायचा ब्रेक त्या कामासाठी केलेला नसतो, खाली सोडताना तो तापतो. माझ्या विंचच्या पुस्तिकेत उचलण्यासाठी वापरू नये असं स्पष्ट छापलं आहे.

हाताची चेन कप्पी साधी दिसते, पण चेन सोडली की वजन जिथल्या तिथं राहतं. इंजिन बोल्टवर बसवताना दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करावं लागतं, ते चेननंच होतं.

एक आठवण लिहितो. टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात गाड्या ओढणाऱ्या ट्रकचं संग्रहालय आहे. तिथल्याच अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्यानं १९१६ साली ओढ्यात पडलेली एक गाडी माणसं लावून बाहेर काढली, आणि त्या कष्टानंतर १९१३ च्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून असा पहिला ट्रक बनवला. त्यालाही पुढं गाडी तोलून धरायला बाजूला पाय जोडावे लागले. तुमच्या योजनेत पाय दिसले नाहीत, म्हणून हे लिहिलं.

कृष्णाकाठ

पाय म्हणजे खाली टेकवायचे जॅक? पिकअपचे मागचे पाटे भक्कम आहेत, टनभर माल नेतो आम्ही.

स्ट्रक्चरवाले_काका

पाटे भक्कम असले तरी ते दबतात, आणि अडचण तीच आहे. तू चेन ओढत राहशील, इंजिन हलणार नाही, गाडीचं मागचं अंग खाली बसत जाईल. शेवटी इंजिन बोल्टवरून सुटतं त्या क्षणी ते झोका घेतं, गाडी नाचते आणि झोका वाढतो. माणसाची बोटं तेव्हाच इंजिनाखाली असतात.

आणि पुढच्या चाकांचं बघ. तुझ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसात २.८ मीटर धर, मागच्या आसापासून टांगलेलं इंजिन २.२ मीटर. पुढच्या चाकांवरून जवळपास ३९० किलो कमी होतात. मागच्या कमानीच्या बरोबर खाली, चेसिसला दोन पाय दिलेस तर तोल मागच्या आसावर न राहता पायांवर येतो आणि पुढून फक्त १६० च्या आसपास कमी होतात. गाडी हलत नाही, पाटे दबत नाहीत.

पाय स्क्रू-जॅकचे कर. हायड्रॉलिक जॅक हळूहळू उतरतो, त्याच्या भरवशावर उभं राहू नये.

विहीरवाले

पायाखाली काय टाकणार हेही ठरवा. काळी माती वरून कोरडी दिसते, खाली लोण्यासारखी असते. आम्ही रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन-दोन फुटांचे तुकडे वापरतो. दगड टाकू नका, दगड कलतो. आणि विहिरीच्या काठापासून गाडी लांब ठेवा. जुन्या विहिरींचं बांधकाम मागून पोकळ झालेलं असतं, वरून कळत नाही. विहिरीची खोली जेवढी, निदान त्याच्या निम्म्या अंतराच्या आत आमची वडील मंडळी जड गाडी येऊ द्यायची नाहीत.

कागदपत्र

यंत्राबद्दल मला बोलता येणार नाही, पण गाडीच्या कागदांचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत एका निकालात हे पुन्हा ठामपणे सांगितलं. कायमची यारी बसवलीत तर पासिंगला अडचण येईल आणि अपघात झाला तर विम्यालाही. शिकंज्यावर बसणारी, पूर्ण उतरवता येणारी करा, रोजच्या वापरात गाडीवर ठेवू नका आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारून ठेवा. गर्डर मागं बाहेर काढलेला असताना रस्त्यावर एक फूटही जाऊ नका. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तो बरोबर तोंडाच्या उंचीवर असतो.

कृष्णाकाठ

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गर्डर चार बोल्टांवर ठेवतो, प्रवासात उतरवून हौद्यात आडवा. विमा कंपनीला आजच पत्र लिहितो.

कामाला सुरुवात करतोय. दोन-तीन आठवड्यांनी सांगतो.

मालवणी_डिझेल

तोपर्यंत पट्ट्याबद्दल लिहितो. आम्ही मासेमारी बोटींची इंजिनं काढतो, तिथं हे रोजचं आहे. इंजिनाला साखळी गुंडाळू नका, वजन उचलायचा कापडी स्लिंग पट्टा वापरा. जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा. शिवण उसवलेला किंवा कडेला कापलेला पट्टा कितीही नवा दिसला तरी फेकून द्या. धारदार कडेवर पट्टा जात असेल तर मध्ये जुन्या टायरचा तुकडा घाला.

पट्ट्याचे दोन पाय फार फाकू देऊ नका. हुकापाशी ते अरुंद, उभे असले की वजन अर्धं-अर्धं वाटलं जातं. जमिनीशी तीस अंशांपर्यंत आडवे झाले की एकेका पायावर पूर्ण इंजिनाएवढा ताण येतो. म्हणजे ४०० किलोचं इंजिन आणि दोन्ही पट्ट्यांवर चारशे-चारशे. माणसं उंची कमी पडते म्हणून पट्टा आखूड बांधतात आणि इथंच फसतात. कमान बांधतानाच उंची जास्त ठेवा.

वायर-रोप वापरलात तर तिचं दुमडलेलं टोक धरणाऱ्या क्लिपचा यू-बोल्ट नेहमी दोरीच्या आखूड, मोकळ्या टोकावर आणि खोबणीचा भाग वजन घेणाऱ्या दोरीवर. उलटा लावला की यू-बोल्ट चालत्या दोरीलाच चेपतो. निदान तीन क्लिपा.

रानातला

मालवणी भाऊ, तो तीस अंशांचा हिशोब पहिल्यांदाच कळला. मी कायम आखूड बांधत आलोय. आज घरचे सगळे पट्टे काढून बघितले, दोन फेकले.

कृष्णाकाठ

मंडळी, यारी तयार झाली. उशीर झाला कारण एकदा तोडून परत केली.

लोखंड एकूण १८० किलोच्या आसपास लागलं. गर्डरचा खालचा फ्लँज जमिनीपासून पावणेतीन मीटरवर ठेवला, म्हणजे इंजिन, पट्टा आणि कप्पी मिळून हौद्याच्या वर बसतात. पुढच्या कमानीचे पाय पत्र्यातून खाली जातात आणि चेसिसला शिकंज्यानं धरलेत. मागच्या कमानीखाली दोन स्क्रू-जॅक, स्लीपरच्या तुकड्यांवर. दोन्ही कमानी तिरप्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधल्या. सगळ्याचा खर्च साडेबावीस हजार, त्यात निम्मे पैसे नव्या चेन कप्पीचे आणि ट्रॉलीचे. जुनी कप्पी घेतली नाही, तिच्या हुकाचं तोंड उघडलेलं वाटलं.

तोडली का ते सांगतो. वेल्डिंग झाल्यावर रंग देणार होतो. मावसभाऊ म्हणाला, थांब, टाकीला करतात तसं करून बघू. ज्या टाक्यांच्या दोन्ही बाजू दिसतात तिथं एका बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून लावली, सुकू दिली, आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल फिरवलं. अर्ध्या तासानं मागच्या कमानीच्या डाव्या गसेटच्या बुंध्याशी खडूवर तांदळाएवढा ओला ठिपका उमटला. बाहेरून तिथं काहीही दिसत नव्हतं, बोटानं चाचपून पण लागत नव्हतं. ग्राइंडरनं उघडलं तर आत मसूरडाळीएवढी पोकळी आणि तिच्यातून पुढं गेलेली केसासारखी रेघ. त्या दिवशीचे रॉड मी उघड्या पाकिटातले वापरले होते. भोसरीच्या दादांनी आधीच बजावलं होतं. त्या कमानीचे सगळे टाके कापून काढले आणि नव्या, तापवलेल्या रॉडनं पुन्हा घातले.

भोसरीचा_वेल्डर

शाब्बास. ठिपका दिसल्यावर वरून एक टाका मारून झाकणारे खूप असतात. तुम्ही सगळी कमान सोडवलीत हे योग्य केलंत. आता वजनाची चाचणी केल्याशिवाय इंजिन उचलू नका.

स्ट्रक्चरवाले_काका

चाचणी सव्वापटीनं करायची. म्हणजे ६२५ किलो. सिमेंटच्या पोत्यांनी कर, पन्नास किलोचं वजन ठरलेलं असतं. तेरा पोती घे, ६५० होतात. जमिनीपासून चार बोटंच उचलायची, त्याहून जास्त नाही, आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. खाली कुणीही हात-पाय घालायचा नाही. गर्डरच्या टोकाला किती बाक येतो ते मोज. माझ्या हिशोबानं साडेअकरा-बारा मिलिमीटर यायला हवा. आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की वजन काढल्यावर गर्डर पूर्ण जागेवर यायला हवा. दोन-तीन मिलिमीटर जरी परत आला नाही तरी कुठंतरी लोखंड वाकलं आहे किंवा बोल्ट सरकला आहे. मग ते सापडेपर्यंत थांबायचं.

कृष्णाकाठ

काल केली चाचणी.

घराचा माळा टाकायला आणलेली सिमेंटची पोती होतीच. लाकडी फळीवर तेरा रचली, दोन हिरव्या पट्ट्यांनी बांधली. गर्डरच्या टोकाशेजारी, गाडीला न लागता, जमिनीत एक बांबू रोवला आणि त्यावर स्टीलची पट्टी बांधली. गर्डरच्या टोकाला सुई चिकटवली, ती पट्टीवर मिलिमीटर दाखवते. गाडी हलली तरी जमिनीच्या मानानं खरं माप मिळावं म्हणून बांबू वेगळा ठेवला.

चेन ओढायला लागलो. फळी सुटायच्या आधी जॅकखालचं लाकूड करकरलं आणि डावीकडचा तुकडा बोटभर रुतला. थांबलो, उतरवलं, तो तुकडा काढून खालची माती धुमसानं चोपली, लांब स्लीपर टाकलं, पुन्हा सुरुवात. या वेळी फळी सुटली तेव्हा काहीच आवाज नाही. चार बोटं वर घेतली आणि सगळे लांब उभे राहिलो. सुई १४ वर गेली. दहा मिनिटांत तिथून हलली नाही. पुढच्या कमानीच्या शिकंज्यावर मी खडूनं रेघा मारल्या होत्या, त्या तुटल्या नाहीत. वजन उतरवल्यावर सुई १ वर आली, शून्यावर नाही.

काका, तुम्ही म्हणालात म्हणून थांबलो. शोधलं तर मागच्या कमानीवर गर्डर बसतो तिथं रंगाचा जाड थर होता, तो दबला होता. रंग खरवडून काढला, बोल्ट परत आवळले आणि चाचणी पहिल्यापासून केली. या वेळी १३ आणि परत शून्य. तिसऱ्यांदाही १३ आणि शून्य.

स्ट्रक्चरवाले_काका

बारा गर्डरचा आणि एक कमानी-लाकडांचा. तिसऱ्यांदाही शून्यावर आला म्हणजे बसला. आता गर्डरवर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत रंगव, "५०० किलो". तुझ्यानंतर ती दुसरं कुणीतरी वापरेल. त्यांना कोण सांगणार ती किती उचलते?

कृष्णाकाठ

रंगवलं, पिवळ्यावर काळं.

आज सकाळी पहिलं खरं इंजिन काढलं. नदीकडच्या मळ्यातलं, आमच्या चुलत आज्यांचं. इंजिनघराचं दार बुटकं, म्हणून आधी पाइपच्या तुकड्यांवर घरंगळत दाराबाहेर आणलं आणि मग यारीखाली घेतलं. गाडी विहिरीपासून काकणभर जास्तच लांब लावली, गर्डर जोडला, जॅक टेकवले. पट्टा दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूनं, क्रँककेसलगत शाफ्टखालून घेतला, टायरचे तुकडे घालून. वरच्या नाजूक भागांना काही लागू दिलं नाही. पहिल्यांदा दोन बोटं उचललं तर ते पंपाच्या बाजूला कललं, कारण एका चाकावर पंप फिरवायच्या पट्ट्याची जुनी जड पुली अजून होती. खाली ठेवलं, पट्टा चार बोटं सरकवला, पुन्हा उचललं. सरळ वर आलं. मावसभावानं एका हातानं ट्रॉली ढकलत इंजिन हौद्यात नेलं.

बुडाखालच्या दगडावर तेलाचा काळा चौकोन राहिला आहे. इंजिनाची टाकी उघडली तर तळाला थोडं डिझेल अजून होतं. घरी आल्यावर हौद्यातच दोरांनी बांधून ठेवलं आहे, उद्या उतरवू.

मापांचा नकाशा हातानं काढतोय. शिकंज्याची पट्टी प्रत्येकानं आपल्या चेसिसच्या रुंदीवर घ्यावी लागेल, ती जागा मोकळी सोडतो.

रानातला

नकाशाची वाट बघतो. आमच्या मळ्यात दोन सिलिंडरचं आहे, ते पाचशेच्या वर भरेल. त्याला यात काय बदलावं लागेल?

स्ट्रक्चरवाले_काका

आधी ते तोलून आण. चाकं काढून, टाकी काढून, सुट्टं सुट्टं तोल. बेरीज पाचशेच्या आत बसत असेल तर सुट्टंच उचल, यारी बदलायची गरज नाही.